वाळीत टाकलेली खोली

तळेकोंड, ५ नोव्हेंबर २०२३

प्रिय रमजान,

यासीन मंगळवारी मस्कतला परत निघालाय. त्याच्या बॅगेत हे पत्र आहे, आणि दीपालीनं दिलेली सोलं नि कोकमाच्या आगळाची बाटली. फोन करता आला असता. पण फोनवर तू बोलतोस आणि मी हो हो म्हणतो. सांगायचं ते फोन ठेवल्यावर आठवतं. शिवाय इंजिनांच्या आवाजानं तुझे कान गेलेत. मोबाइलवर लिहावं तर तुझी लेक महरीन आधी वाचते. त्यापेक्षा कागद बरा. कागदावर तुला मधे बोलता येत नाही.

कामाचं आधी लिहितो. तुझ्या अम्मीला, शरीफाचाचीला, जाऊन वर्ष होत आलं. मिरकरवाडा बंदरात बर्फाच्या कारखान्यामागं तुमच्या आठ खोल्या आहेत, त्या तू विकायला काढल्यास असं यासीन म्हणाला. त्या मला दे.

हायवेच्या रुंदीकरणात आमची खालची जमीन गेली, तिचे पैसे बँकेत पडून आहेत. आंब्याच्या पेट्या ठोकून ठोकून माझे खांदे उतरले. वेदिकाचं नर्सिंगचं शिक्षण यंदा संपेल, मग आम्ही दोघंच. बँकेतले साहेब म्हणतात, साळवी स्टॉपला फ्लॅट घ्या. पण फ्लॅट घेतला की भाडेकरू शोधत आपण फिरायचं. मिरकरवाड्यात माणूस खोली शोधत फिरतो.

दीपाली म्हणते, 'देवदेव करणारा माणूस आणि घर घेणार कुठं, तर गुत्त्याच्या मागं.' तिला काय सांगू? सोमवारी देवळात बसलो असताना हे माझ्या मनात पक्कं झालं. तुला माहीत आहे, मी देवाकडं फार मागत नाही. भाव तुझा तू कळव.

तुझा,
हरिश्चंद्र


मस्कत, २८ नोव्हेंबर २०२३

हऱ्या, सलाम!

सोलं पोचली. आगळाची बाटली यासीनच्या कपड्यांत फुटली. पठ्ठ्या आता वर्षभर सोलकढीसारखा वास मारत हिंडणार.

तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? ती वस्ती तू पाहिलीस, पण दिवसा आणि रस्त्यावरून. आत काय आहे ते ऐक. पाच खोल्यांत ट्रॉलरवरचे खलाशी आहेत, बहुतेक नेपाळी, एका खोलीत आठ-आठ. निम्मे दर्यात असतात तेव्हा निम्मे झोपतात. भाडं खलाशाकडं कधी मागायचं नाही, त्याच्या तांडेलाकडं मागायचं. बोट तो चालवतो, माणसंही तोच आणतो. एक जूनला मासेमारी बंद झाली की पोरगे गावी जातात. दोन महिने खोल्या रिकाम्या, आणि परत तेच येतील याची हमी अल्लालाही देता येणार नाही. आठ खोल्यांत मिळून नळ एक, संडास दोन. पगाराच्या दिवशी तिथं जाऊ नकोस, त्या दिवशी भांडणं असतात. पोलीस भाडेकरूंची यादी मागतात, ती तयार ठेव. आणि दारात चप्पल काढलीस तर अनवाणी घरी जाशील.

हे सगळं सोसून अम्मीनं तीस वर्षं त्या खोल्या चालवल्या आणि माझी बहीण उजवली. तेव्हा धंदा वाईट नाही. माणूस चिवट पाहिजे.

आता एक गोष्ट, जी यासीननं तुला सांगितली नसेल. सात नंबरमध्ये गोदाकाकी राहते. हो, आपल्या गावचीच. आणि तिच्याबरोबर अर्थात बाबलतात्या घवाळी. मुलानं घर विकून तोंड काळं केलं, भावकीनं उरलेलं वाटून घेतलं. सहा वर्षांपूर्वी दोघं एक ट्रंक घेऊन अम्मीच्या दारात आली. अम्मीनं जाताना माझ्याकडून शब्द घेतला: गोदा आहे तोवर तिला तिथून कोणी उठवायचं नाही. जो खोल्या घेईल त्यानं हा शब्दही घ्यायचा. दोन गिऱ्हाइकं तेवढ्यावरून परत गेली.

तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. गावात काय लपतं? तुला हे आधीच माहीत होतं. ज्या माणसानं तुमच्या घराला चार वर्षं वाळीत टाकलं, गावाला तुमच्याशी बोलू दिलं नाही, त्याच्या डोक्यावरचं छप्पर जाऊ नये म्हणून तू पुढं आलास. आणि लिहितोस काय, तर म्हणे पेट्या ठोकून खांदे दुखतात! हऱ्या, शाळेत तू माझ्या डब्यातलं करंदीचं कालवण चोरून खायचास आणि नंतर देवळात जाऊन कान धरायचास. तेव्हापासून मी तुला ओळखतो.

भाव तू म्हणशील तो. वकिलाला कागद करायला सांग, मुखत्यार म्हणून यासीनचा भाऊ झैन सही करील.

रमजान


तळेकोंड, १६ फेब्रुवारी २०२४

प्रिय रमजान,

खरेदीखत झालं. झैननं सही केली आणि मला मिठी मारली. नारळ फोडावा म्हणून मी अंगणात गेलो, तर फोडायला दगड मिळेना. शेवटी तीन नंबरच्या तांडेलानं बोटीचा नांगर आणून दिला. नांगरावर नारळ फोडून मी मालक झालो.

तू सांगितलंस ते सगळं खरं आहे. अंगणात गटाराचं पाणी, डिझेलचा वास, कारखान्यात बर्फ फुटत असतो त्याचा दिवसभर खडखडाट. तरी मला तिथं वाईट वाटलं नाही. माणसं कामातून येतात, अंघोळीला ओळ लावतात, भात शिजवतात, पडतात. कोण कुठल्या जातीचं, कोणाचा मान पहिला, असलं काही कोणी विचारत नाही.

दोन नंबरची रुबिना बरीच बोलकी आहे. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, 'शेठ, म्हातारीनं आयुष्यभर अंगणात मासळी सुकवू दिली नाय. वास येतो, मांजरं येतात म्हणायची. तुम्ही तरी जागा द्या. सात नंबरसमोर ऊन झकास पडतं.' मी नाही म्हणालो. चाचीचा नियम आहे तो राहू दे.

सात नंबरलाही गेलो. गोदाकाकी कोळंबी सोलायला गेली होती. बाबल्या खाटेवर बसला होता. पंच्याहत्तरी ओलांडली, कंबर गेली, पण नजर शाबूत. मी दारात उभा राहिलो तर म्हणाला, 'शिगवणाचा ना तू? हात बापासारखेच, सुताराचे.' मी म्हणालो, 'आता मालक मी आहे.' तो म्हणाला, 'मग आत ये की. दारात उभा राहून मालक होतात काय?'

मी आत गेलो नाही.

चाचीचा शब्द माझ्या ध्यानात आहे.

तुझा,
हरिश्चंद्र


मस्कत, २० मार्च २०२४

हऱ्या,

रोजे चालू आहेत, घसा कोरडा आहे, म्हणून थोडक्यात. रुबिनाचा फोन आला. आधी तुझी तारीफ केली. तू भिंतीवर चिठ्ठी लावलीस, सात नंबरसमोर मासळी सुकवायची परवानगी दिलीस, आणि कावळे हाकायचं काम गोदाकाकीला मिळालं. आता ती कोळंबी सोलायला जात नाही, घरी बसून कमावते. ऐकून मी इफ्तारला दोन खजूर जास्त खाल्ले.

मग तीच म्हणाली, की नंतर तू येऊन सगळ्यांवर ओरडलास, चिठ्ठी फाडलीस आणि निघून गेलास.

यातलं खरं काय? चार दिवसांनी शिमगा आहे, तू गावातच असशील. सविस्तर लिही.

रमजान


तळेकोंड, ३० एप्रिल २०२४

प्रिय रमजान,

तू मला मोठ्या मनाचा समजलास तेव्हाच मी तुला थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही, कारण मग तू खोल्या दिल्या नसत्यास. बाबल्याला वाचवायला मी त्या घेतल्या नाहीत. बाबल्या तिथं राहतो म्हणून घेतल्या. सात नंबरसाठी बाकीच्या सात घेतल्या.

वाळीत म्हणजे काय ते तुला माहीत आहे, पण खाडीच्या पलीकडून. माझ्या वडिलांनी, दादांनी काय केलं होतं? देवीच्या रानाला लागून चिऱ्याची खाण सुरू झाली. देवीच्या जागेत हात घालू नका, म्हणून त्यांनी तहसीलदाराकडं अर्ज दिला. खाणीत बाबल्याची भागी होती, आणि गावात पहिला मानही त्याचाच. बैठक बसली. शिगवणांशी गावाचा संबंध संपला, असं बाबल्यानं उभं राहून सांगितलं. दुकानदार मीठ देईना. आई विहिरीवर पोचली की बाकीच्या बायका अर्ध्या भरलेल्या कळशा उचलून निघायच्या.

हेही मी सोसलं असतं. पण शिमग्यात पालखी घरोघरी येते. आईनं खळं सारवून रांगोळी घातली होती, ओटीचं ताट हातात धरून ती उभी होती. आमच्या कुंपणाच्या बेड्यापाशी ढोल थांबले, आणि पालखी पुढं गेली. शेजारच्या घरी ढोल परत सुरू झाले. अशी चार वर्षं. माणसं बोलली नाहीत ते विसरता येतं, रमजान. देवी दारावरून गेली ते कसं विसरू?

तिसऱ्या वर्षी मार्गशीर्षात दादा गेले. घरात आई आणि मी. तिरडी बांधून ठेवली आणि उचलायला माणूस नाही. तेव्हा तुझे अब्बा, तुझे दोन काका आणि तू, असे चौघं आलात. आईचा टाहो खाडीपलीकडं पोचला असावा, असं मी आजवर धरून चाललोय.

त्या दिवसापासून दर सोमवारी मी देवळात बसतो. देवा, त्याचं वाईट कर, असं मी कधी म्हटलं नाही. तसं मागणं पाप आहे. मी म्हणायचो, एकदा त्याचं दार माझ्या हातात दे. सत्तावीस वर्षं एवढंच मागितलं. देवानं उशीर लावला, पण ऐकलं.

चिठ्ठीत मी लिहिलं होतं: 'आजपासून खोली नंबर सात वाळीत टाकली आहे. सर्वांनी लक्षात घ्यावे.' रुबिनानं ती सगळ्यांना वाचून दाखवली, आणि आपल्या मनानं दुरुस्त केली. वाळीत नाही, वाळत. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उमेदीनं गेलो, तर सात नंबरसमोर जाळी अंथरलेली, तिच्यावर मांदेली आणि खारे बांगडे, आणि गोदाकाकी हातात काठी घेऊन राणीसारखी बसलेली. रुबिना म्हणाली, 'शेठ, तुमचं शुद्धलेखन कच्चं, पण दिल मोठा.'

मी ओरडलो. म्हणालो, 'वाळीत! वाळीत म्हणजे त्यांच्याशी बोलायचं नाही, पाणी द्यायचं नाही, काही घ्यायचं नाही.'

ती माझ्याकडं बघतच राहिली. 'माणसाला?'

'माणसाला.'

'काय ओ शेठ! नळ एक, संडास दोन. बोलायचं नाय तर नंबर कसा लावायचा? आणि हे नेपाळी पोरगे तसे पण कोणाशी बोलत नायत. त्यांना पण वाळीत धरायचं काय?'

तीन नंबरचा तांडेल दाढी करता करता ओरडला, 'शेठ, मला टाका वाळीत! बायकोचे फोन तरी थांबतील.'

सगळं अंगण हसलं. खाटेवरून बाबल्याही हसला. ते हसू मी घरी घेऊन आलो.

शिमग्याआधी मी त्याला शेवटची संधी दिली. म्हणालो, 'तळेकोंडला चल. पालखीसमोर उभा राहा आणि सांग, शिगवणांच्या दारावरून देवी नेली ती माझी चूक. एवढं बोल आणि मरेपर्यंत इथं राहा, भाडं नको.' तो म्हणाला, 'तो गावाचा निर्णय. मी नुसतं तोंड होतो.' मी म्हणालो, 'मग तेच तोंड उघड.' तेव्हा म्हणाला, 'खोली घे. पालखी देवीची आहे, तुझ्या भाड्यानं ती फिरत नाय.'

मी त्याला वकिलाची नोटीस दिली आहे. एकतीस मेपर्यंत खोली रिकामी करायची. चाचीचा शब्द मी मोडतोय, ते पाप माझ्या माथी. पण रमजान, त्याच्या ट्रंकेला त्या उंबऱ्याबाहेर पाहिल्याशिवाय मला मरण नीट येणार नाही.

हरिश्चंद्र


मस्कत, ११ मे २०२४

हरिश्चंद्र,

महरीन सुट्टीला येतेय, तिच्या हाती हे पाठवतो. वाचून झालं की एकदम उत्तर लिहू नकोस.

तू मला फसवलंस. मी भाव सोडला तो तुझ्या मोठेपणाला. तो मोठेपणा नव्हताच, आणि तुला तेव्हा ते माहीत होतं. 'चाचीचा शब्द माझ्या ध्यानात आहे.' काय वाक्य लिहिलंस! ध्यानात आहे म्हणालास, पाळीन असं म्हणाला नाहीस. मी अडाण्यासारखा ते दोनदा वाचून खूश झालो.

तुझ्या दादांच्या तिरडीला मी खांदा दिला तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. रस्ताभर कोणत्या घराची खिडकी उघडी होती नि कोणती बंद, मला आजही सांगता येईल. बाबल्यावर तुझा राग आहे, तो राहू दे. मी त्याची वकिली करत नाही. पण अब्बांनी खांदा दिला तो मयताला. तू पुढं कोणाच्या उरावर बसावंस, म्हणून नाही दिला.

आता जे सांगायचं नव्हतं ते सांगतो. अम्मीनं मला घातलेली शपथ मी मोडतो. तू एक शब्द मोडलास, मी एक मोडतो.

तुझ्या आईचा टाहो आमच्यापर्यंत पोचला नव्हता. खाडीचं पात्र केवढं आहे ते तुला माहीत आहे. त्या दिवशी सकाळी गोदाकाकी तरीनं खाडी ओलांडून आमच्या मोहल्ल्यात आली, अंडी न्यायला. घवाळ्यांची सून अंडी न्यायला स्वतः येते, याचंच अम्मीला नवल वाटलं. काकीनं टोपलीत अंडी मांडून घेतली आणि खाली मान घालून म्हणाली, 'शिगवणांकडे मयत झालंय. गावातलं कोणी जाणार नाय. चार माणसं लागतील. माझं नाव घेऊ नका.' अब्बा बोटीवर निघाले होते, अम्मीनं त्यांना गोदीतून परत आणलं.

ही गोष्ट अम्मीनं पंचवीस वर्षं कोणाला सांगितली नाही. कळलं असतं तर गावानं काकीला काय केलं असतं, ते तू मला सांगू नकोस, तुला जास्त ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी काकी ट्रंक घेऊन दारात आली तेव्हा अम्मीनं एक प्रश्न विचारला नाही. सात नंबरची चावी काढून दिली. मी प्रत्येक पत्रात 'गोदाकाकी' लिहीत होतो. तू वाचत होतास 'बाबल्या'.

खोल्या मला परत दे, आहे त्या भावात. नाहीतर नोटीस फाड. दोन्ही जमत नसेल तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस.

रमजान


तळेकोंड, २ जून २०२४

प्रिय रमजान,

बाबल्याला मी माफ केलेलं नाही. हे सुरुवातीलाच लिहितो, म्हणजे तू पुढचं पुन्हा भलतं वाचणार नाहीस.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस पेट्या ठोकत राहिलो. सीझन संपला, पेट्या कोणाला नको होत्या, तरी ठोकल्या. दीपाली म्हणाली, 'एवढ्या पेट्यांत काय भरणार, राग?' सोमवारी देवळात गेलो, तर मागायला काही सुचेना. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा नुसता बसून आलो.

मला सारखं एकच दिसत होतं. त्याला बाहेर काढतो तर तीही बाहेर पडते. दार एकच. त्याला राहू देतो तर तो खाटेवरून हसतो. मग बुधवारी वकिलाकडं गेलो आणि नवा कागद करून घेतला. वकील म्हणाला, 'शिगवण, असला करार मी आजवर केला नाही.' मी म्हणालो, 'कायद्यात बसतो का?' म्हणाला, 'बसतो.'

एकतीसला सकाळी वकिलाच्या कारकुनाला घेऊन गेलो. बाबल्यानं ट्रंक, खाट, दोन पातेली असं सगळं आधीच अंगणात काढून ठेवलं होतं. स्वतः ट्रंकेवर बसला होता, धुतलेला सदरा घालून. मला पाहून म्हणाला, 'आलास? मोजून घे. तुझी एक चूल पण नेत नाय मी.' गोदाकाकी मासळीची जाळी गुंडाळत होती. रुबिना, तांडेल, गावी निघालेले नेपाळी पोरगे, सगळे दारादारांत उभे होते. माझ्याशी कोणी बोलत नव्हतं.

मी कागद उघडला आणि मोठ्यानं वाचला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. खोली नंबर सात. भाडेकरू, गोदा बाबल घवाळी. राहणार एकटी. दुसऱ्या कोणाला खोलीत ठेवायचं किंवा न ठेवायचं, ते भाडेकरूच्या मर्जीवर. अकरा महिन्यांनी नवा कागद, ती आहे तोवर, दर वेळी.

काकीनं जाळी खाली ठेवली. 'ह्यांचं नाव?'

'नाही.'

'राहिलं लिहायचं?'

'राहिलं नाही, काकी. घातलं नाही.'

ती कागदाकडं बघत राहिली. तिला वाचता येतं हे मला तेव्हा कळलं. ओठ हलत होते. मी तिच्याजवळ गेलो आणि हळू म्हणालो, 'चाचीनं रमजानला सांगितलं होतं. त्यानं मला लिहिलं.' बाकी काही बोललो नाही. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं, मग वळून नवऱ्याकडं.

'शिगवण गेला तेव्हा,' ती म्हणाली, 'मोहल्ल्यात मी गेलेले. चार माणसं मी सांगितली.'

बाबल्याला आधी कळलंच नाही. 'कधी?'

'त्याच सकाळी. अंडी आणायला जाते म्हणून.'

मग तो म्हणाला, 'त्या दिवशी आपल्याकडे अंडी झालेली.'

'झालेली. तुम्ही दोन खाल्लीत.'

रमजान, त्या माणसाचं तोंड मी इतकी वर्षं डोळ्यांसमोर आणत आलोय. रडताना, हात जोडताना, वाटेल तसं आणून पाहिलं. पण त्या वेळी जसं झालं तसं मला कधी सुचलं नव्हतं. त्याचा हुकूम त्याच्या स्वतःच्या घरातून मोडला होता आणि तो अंडी खात बसला होता. मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? खूप झाला.

काकीनं वकिलाच्या कारकुनाकडून पेन घेतलं, सही केली. कागदाची घडी घालून कमरेला खोचली. ट्रंकेवरून त्याला उठवलं, रुबिनाला दुसरी कडी धरायला लावून ट्रंक आत नेली. मग पातेली. मग खाट, तांडेलानं उचलून दिली. बाबल्या काठी टेकत त्यांच्या मागं निघाला आणि उंबऱ्यापाशी ती आडवी उभी राहिली.

'विचारा.'

'काय विचारू?'

'आत येऊ का, ते.'

तो आमच्याकडं वळला, जणू आमच्यातलं कोणीतरी तिला दटावील. कोणी हललं नाही. मग तो पायरीवर बसला. मी रुबिनाच्या दारात बसून चहा घेतला. तिनं आपण होऊन दिला, पण बोलली नाही. बर्फाचा कारखाना आदल्या दिवशीच बंद झाला होता, त्यामुळं अंगणात बारीकसा आवाजही ऐकू येत होता. नेपाळी पोरगे पिशव्या घेऊन स्टेशनला गेले. ऊन पायरीवर आलं. दुपार कलली. आतून भाताचा वास आला.

मी उठणार होतो, तेवढ्यात तो बोलला. ज्या आवाजात चारशे माणसांना निर्णय सांगायचा, तो आवाज नव्हता.

'गोदे, आत येऊ?'

आत पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज झाला.

'थांबा,' ती म्हणाली. 'गावाला विचारून सांगते.'

तुझा,
हरिश्चंद्र